मुलीच्या वडिलांची खुर्ची

बालाघाट,
ता. ३० जून १९६४

ति. सौ. सत्यभामाबाईस,

तेजरामचा जय भीम. तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, त्याला कामाचं कारण नाही. लिहायला बसतो आणि पहिल्या ओळीपाशी थांबतो. आज ठरवून बसलो आहे.

माझी प्रकृती ठीक आहे. जेवण मालकांच्या घरून येतं. मालक म्हणजे बाबूलालजी, त्यांच्याच फोटो स्टुडिओत मी आहे. इथे मराठी घरातली मुलंसुद्धा आईशी मराठीत आणि आपसात हिंदीत बोलतात. मी दोन्हींत कमी बोलतो, त्यामुळे कोणाची अडचण होत नाही.

पुढच्या पंधरवड्यात मला एका लग्नाचे फोटो काढायला जायचं आहे. रामपायलीच्या पलीकडचं खेडं आहे, माणसं आपल्याच समाजाची. आषाढात लग्न आहे, हे वाचून तू हसशील. भोजराज नावाचे शेतकरी दुकानात आले होते. उंच, पन्नाशीचे. म्हणाले, "माह्या भाचीचं लगन आहे. माह्या घरूनच होते."

बाबूलालजींनी विचारलं, "बरसात में शादी? आप लोग मुहूरत नहीं देखते?"

"पंचांग आमी तळ्यात टाकलं, सेठ. आता पानी पडून राह्यलं म्हनून तळ्यात उतरून पुन्हा काढाव का?"

बाबूलालजी हसले. नवरा भरवेलीच्या खाणीत कामाला आहे, त्याला सुट्टी तेव्हाच मिळते, हेही एक कारण असावं. पण भोजराजांच्या बोलण्यावरून त्यांना गावाला दाखवूनच द्यायचं आहे असं वाटलं.

मला काळजी पावसाची आहे. कॅमेऱ्याच्या काचेवर आतून वाफ धरते. फिल्मला ओल लागली तर धुताना डाग येतात आणि लग्न काही पुन्हा लावता येत नाही. मेणकापड, दोन छत्र्या आणि कोरडी फडकी डब्यात भरून ठेवली आहेत. तरी काहीतरी राहिलं असेल असं सारखं वाटतं.

तू चिमीच्या नावाबद्दल विचारलं आहेस. लग्नावरून आलो की त्याबद्दल लिहितो.

भाऊजींना जय भीम.

तुझा,
तेजराम


मूर्तिजापूर,
ता. ७ जुलै

चि. तेजराम,

तुयं पत्र भेटलं. तू जेवतं हे वाचून बरं वाटलं. बाकी पत्रात सारा कॅमेराच आहे.

मी आता साफ लिहितो, कारण घुमवून लिवलेलं तू घुमवूनच ठेवतं. चिमी वर्षाची होऊन गेली. तिले अजून नाव नाही. अंजना बाळंतपणात गेली, तू दोन महिन्यात घर सोडलं, लेकरू माह्या पदरात आलं. मी कुरकुर करत नाही. मले लेकरू नाही हे तुले मालूमच आहे, अन् ही आली तवापासून घरात उजेड आहे. पण नाव ठेवाले बाप पाह्यजे म्हणून आमी थांबलो. लोक इचारतात, "पोरीचं नाव काय?" मी म्हणतो चिमी. मंग म्हणतात, "अन् बापाचं?" तवा काय सांगू?

तुह्या भाऊजींच्या मनात एक गोष्ट आहे. ते सोता लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहितो. तिले त्याह्यचं नाव लावाव. आमची पोरगी म्हणून वाढवाव. तू हौ म्हण, नाहीतर नाही म्हण. नाही म्हटलं त आमी तिले तुही म्हणून सांभाळू, तू नेशील तवा ने. पण काहीतरी म्हण. दसऱ्याले नाव ठेवाचं ठरवून राह्यलो.

एक सांगतो, राग नको मानू. ती मले आई म्हणते. मी शिकवलं नाही. शेजारची पोरं म्हणतात ते आयकून शिकली.

पावसात डोकं ओलं नको ठेवू.

तुही,
बाई


बालाघाट,
ता. १९ जुलै १९६४

ति. सौ. बाईस,

जय भीम. तुझं पत्र निघायच्या आदल्या दिवशी मिळालं. सोबत नेलं होतं, ते थोडं भिजलं, पण अक्षर वाचता येतं.

लग्न झालं. कसं झालं ते लिहितो.

रामपायलीपर्यंत बस मिळाली. पुढे भोजराजांनी बैलबंडी पाठवली होती. रस्ता म्हणजे चिखलच होता. दोन्हीकडच्या बांध्यांत रोवणी चालली होती, बायका वाकून धान लावत होत्या. बंडीवाल्याने त्यांना हाक मारून सांगितलं, "चला वं, लगनाले." एकीने न उठताच उत्तर दिलं, "तुमच्या लगनापायी आमचे परे सडवू का?" परे म्हणजे धानाची रोपं. वेळेत लावली नाहीत तर वाया जातात. तरी दुपारी त्या सगळ्या आल्या, गुडघ्यापर्यंत चिखल तसाच घेऊन.

मांडवावर ताडपत्री होती. तिच्यात पाणी साचून पोट सुटल्यासारखं होई, मग कोणीतरी काठीने ढोसून ते बाहेर सांडायचं. शेजारचे एक म्हातारे गृहस्थ, झुपकेदार मिशांचे, नुसते बघायला आले होते. ते म्हणाले, "देव त सोडले भोजराज, पन पावसाले कसा सोडशीन?" भोजराज काठी घेऊन उभे होते. "तो बी येईल इकडं," म्हणाले, "पाह्य ना, मांडवात त आलाच आहे."

लग्न साधं होतं. बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या, त्रिशरण, पंचशील, मग हार. नवरी ललिता, पांढरं पातळ. नवरा खेमराज. तांदूळ नाही, अंतरपाट नाही, कन्यादान नाही. मी सगळं क्रमाने घेतलं. ओसरीत उजेड इतका कमी होता की प्रत्येक फोटोला लोकांना दम धरून उभं करावं लागलं. काच सारखी धुरकट होत होती. मध्ये मी गोदाबाईंना म्हणजे भोजराजांच्या बायकोला विचारून कॅमेरा तांदळाच्या कोठीत ठेवला, कोरडा तांदूळ ओल ओढतो म्हणून. त्या म्हणाल्या, "काहून जी, भातासंगं कॅमेरा बी रांधाचा आहे का?" सगळ्या बायका हसल्या. मीही हसलो असेन.

आता ग्रुप फोटो. वऱ्हाडाला नाला चढायच्या आत निघायचं होतं आणि माझ्याकडे शेवटचा एकच फोटो उरला होता. दुसऱ्या रोलला ओल लागली होती, तो मी वापरला नाही. बाबूलालजींनी शिकवलेला क्रम असा आहे: मध्ये नवरा-नवरी, दोन्हीकडे त्यांचे आईवडील खुर्चीवर, मामा-काका मागे उभे, मुलं खाली बसलेली. शाळेतून खुर्च्या आणल्या होत्या. मी सगळ्यांना जागा दाखवल्या. चिखलाचे पाय सतरंजीखाली घ्यायला लावले. नवऱ्याचे आईवडील बसले. गोदाबाई नवरीच्या शेजारी बसल्या. त्यांच्या पलीकडची खुर्ची रिकामी होती. मी हाक मारली, "मुलीचे वडील, खुर्चीवर या."

कोणी हललं नाही. पावसाच्या आवाजात ऐकू गेलं नसेल असं समजून मी पुन्हा मोठ्याने म्हणालो.

तेव्हा गोठ्याच्या वळचणीखालून एक बारीक माणूस पुढे आला. डोक्यावर पोत्याची खोळ होती. ती त्याने काढली, नीट घडी केली, काखेत धरली आणि खुर्चीवर येऊन बसला.

बायकांत कुजबुज झाली. "अगं, हा त महागू."
"कोन बलावलं वं त्याले?"
"फोटोवाल्यानं बलावलं."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. भोजराज बैल जुंपून परत आले. त्यांनी स्वतःच मला भाची म्हणून सांगितलं होतं. म्हणून मी म्हणालो, "मामा, तुम्ही उंच आहात, मागच्या ओळीत उभे राहा."

ते खुर्चीकडे बघत उभे राहिले. तो माणूस अर्धा उठला. "तू बस ना, भोजराज."

"बसा, भाऊजी," भोजराज म्हणाले. "फोटोवाल्यानं बरोबरच बलावलं. ज्याची पोरगी त्याची खुर्ची."

मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. कॅमेऱ्यावरची छत्री मी बांबूला बांधली होती, ती वाऱ्याने कलली होती आणि पाणी कॅमेऱ्यावर पडत होतं. ते सरळ माझ्या मागे आले, छत्री सोडवली आणि हातात धरली. "मी धरतो. तू घे." मला तेव्हा बरंच वाटलं, कारण त्यांचा हात स्थिर होता. मी सांगितलं, कोणी हलू नका. कोणी हललं नाही. फोटो घेतला.

वऱ्हाड गेल्यावर चुलीपाशी कपडे वाळवत बसलो. तिथे चंपाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईंनी मला समजावलं. ललिता दीड वर्षाची असताना तिची आई गेली. बाप, म्हणजे हा महागू, तिला मामाच्या घरी ठेवून गेला. वाढवली भोजराज आणि गोदाबाईंनी. महागू लालबर्ऱ्याच्या राईस मिलमध्ये हमाली करतो. इतक्या जवळ राहून वर्षा-दोन वर्षांत एखादे वेळी येतो. चंपाबाई म्हणाल्या, "आधीसारखं कन्यादान असतं त कोन बसंल ते पंचाईनं ठरवलं असतं, अन् भोजराजच बसला असता. आता कन्यादान राह्यलं नाही. कोनाले काही ठरवा लागलं नाही, बरं झालं म्हनत होतो. तू ठरवलंस, बापा."

मी म्हणालो, मला माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "तुले कसं मालूम राहीन."

नाला चढला म्हणून मी त्या रात्री तिथेच अडकलो. शाळेच्या पडवीत झोपायची सोय केली होती. महागूही अडकले होते, तेही तिथेच होते. फारसं बोलणं झालं नाही.

रोल काल धुतला. डाग नाहीत. ग्रुप फोटोत दोन दोष आहेत. वरच्या कोपऱ्यात छत्रीची कड आली आहे, काळी. आणि नवरी कॅमेऱ्यात बघत नाही, माझ्या डोक्याच्या वर बघते आहे. बाकी फोटोंतही शोधलं. भोजराज एकाही फोटोत नाहीत. कुठे काठी घेऊन ताडपत्रीखाली होते, कुठे पंक्तीत वाढत होते.

यात मला वाईट वाटलं का, तर नक्की सांगता येत नाही. चूक माझी आहे हे कळतं.

तुझ्या पत्राचं उत्तर लिहायचं आहे, ते विसरलो नाही.

तुझा,
तेजराम


मूर्तिजापूर,
ता. २ ऑगस्ट

चि. तेजराम,

तुयं लांब पत्र भेटलं. तुह्या भाऊजींनी वाचून दाखवलं. "ज्याची पोरगी त्याची खुर्ची" इथपर्यंत आले अन् थांबले. मंग बाकीचं मी सोता वाचलं.

समजलं रे. इतकं लांब लिहाची गरज नव्हती. तू लहानपणीबी असाच होता, नाही म्हणाचं असलं का दुसऱ्याची गोष्ट सांगाचा. आमी मांगतलं ते चुकलं असंल. लेकरू तुयं आहे. कागदावर लिहून देलं तरी रगत बदलते का?

तू घर पाह्य, अन् बाईमाणूस पाह्य, कारण एकट्याच्यानं लेकरू सांभाळणं होत नाही. दुसरं लगन करशील त चांगलंच आहे, तुयं वय काही गेलं नाही. मंग येऊन तिले घेऊन जा. मी तिचे कपडे एका पेटीत भरून ठेवून राह्यली. दसऱ्याचं आमी सोडलं. नाव तू तिकडंच ठेव.

इथलं सारं ठीक आहे. चिमी चालते. काळजी करू नको.

बाई


मूर्तिजापूर,
ता. २९ ऑगस्ट १९६४

प्रिय तेजराम यास,

घनश्यामचा जय भीम. मी तुला कधी पत्र लिहीत नाही, तेव्हा हे बघून घाबरू नकोस. सगळे खुशाल आहेत. हे पत्र कामावरून, कापसाच्या जिनातून लिहीत आहे. तुझ्या बाईला याची कल्पना नाही.

तिच्या पत्राला महिना होत आला. तुझं उत्तर नाही. तिने रागात लिहिलं, हे मला मान्य आहे. पण तुझा निरोप तिला जसा कळला तसाच मलाही कळला, म्हणून तिला दोष देता येत नाही.

आता घरातलं सांगतो, कारण ती लिहिणार नाही. तिने चिमीला आई म्हणू देणं बंद केलं आहे. पोरगी "आई" म्हणून आली की ही म्हणते, "आत्या म्हण. आत्या." म्हटल्याशिवाय उचलून घेत नाही. पोरीला आधी तो खेळ वाटला. आता ती हाक मारायच्या आधी थांबते आणि हिच्या तोंडाकडे बघते. रात्री तिला वेगळ्या गोधडीवर निजवते, पुढे सवय मोडायला त्रास नको म्हणून. मी म्हटलं, अजून त्याने मागितली नाही. तर म्हणते, "मांगल तवा सोडवत बसू का?"

मला तुझ्याकडून काही नको. ती तुझी आहे, हे मी पहिल्या दिवसापासून धरून चाललो आहे. मला "बाबा" म्हणते, त्याला मी ओ देतो, एवढंच. ते बंद करायचं असेल तर तेही कळव. पण हे मधलं जे चाललं आहे ते पोरीला सोसत नाही. केव्हा नेतोस तेवढं लिही. तारीख लिही.

तुझा,
घनश्याम


बालाघाट,
ता. ६ सप्टेंबर १९६४

ति. सौ. बाईस आणि ति. भाऊजींस,

जय भीम. हे पत्र दोघांना आहे. भाऊजींनी मला लिहिलं आहे, बाई, त्यांच्यावर रागावू नकोस.

आधी उत्तर लिहितो, म्हणजे या वेळी राहून जाणार नाही. चिमीला भाऊजींचं नाव लावा. ती तुमची मुलगी. माझी याला पूर्ण संमती आहे. दसऱ्यालाच नाव ठेवा.

मागच्या पत्रात मी नकार लिहिला नव्हता. मी लग्नाचं लिहिलं, कारण ते लिहिता येत होतं. भोजराजांचं वाक्य त्यांनी जसं म्हटलं तसं उतरवलं. ते तुम्हाला माझं वाटेल, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मग तुझं पत्र आलं आणि त्यातली चूक मला दिसली. दुसऱ्याच दिवशी दुरुस्त करता आली असती. पण तू म्हणालीस तसंच होऊन जाऊ दे, असं वाटून मी गप्प राहिलो. म्हणजे कोणी दुसऱ्याने ठरवलं तर मला ठरवायला नको.

एक गोष्ट मी लिहिली नव्हती. शाळेच्या पडवीत महागूंशी बोलणं झालं होतं. मीच फार बोललो नाही, ते बोलले. पाऊस थांबत नव्हता. पोत्याच्या खोळीवर बसून ते बिडी ओढत होते. मी म्हणालो, माझ्यामुळे तुम्हाला खुर्चीवर बसावं लागलं. ते म्हणाले, "बसावं लागलं का? मी बसलो. तू बाप म्हनलं, मले बरं वाटलं. कोन म्हनते मले?"

मग थोड्या वेळाने म्हणाले, "भोजराजनं मले इचारलं होतं. पोरगी लहान होती तवा. म्हने, भाऊजी, ललिताले माह्यी म्हनू का? मी हौ बी म्हनलं नाही, नाही बी म्हनलं नाही. म्हनलं पाहू. माह्यी बायको मेली होती, मले काही सुचत नव्हतं. पाहू पाहू करता पोरगी लगनाची झाली. तो आजपावेतो तिले भाचीच म्हनते. माह्या हौ ची वाट पाहून राह्यला होता का काय, भला मानूस."

मी विचारलं, आता सांगितलं का त्यांना?

"आता काय सांगाव," म्हणाले. "आज त ते नवऱ्याघरी गेली ना."

हे मी तुला तेव्हा लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर पुढची ओळ चिमीची आली असती.

मागच्या आठवड्यात भोजराज फोटो घ्यायला आले. रोवणी उरकली होती. दुकानाच्या पायरीवर पाय पुसून आत आले आणि सगळे फोटो एकेक करून बघितले. मी उभाच होतो. सांगितलं, माझी चूक झाली, तुम्ही एकाही फोटोत नाही. बाबूलालजी म्हणाले की पाहिजे तर तुमचा वेगळा फोटो काढून यात जोडून देऊ, आमच्याकडे ते काम होतं, जोडलेलं कळत नाही. भोजराज म्हणाले, "जोडून काय करता. ज्यानं पाह्यलं त्याले मालूम आहे." मग ग्रुप फोटो पुन्हा हातात घेतला आणि वरच्या काळ्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हे काय?"

मी म्हणालो, छत्रीची कड आहे, दोष आहे, मी ती कापून देतो.

"अन् पोरगी कुठी पाहून राह्यली?"

मी सांगितलं की छत्रीकडे.

त्यांनी कोपऱ्यावरचं बोट उचललं. मग म्हणाले, "कापू नको. असाच दे."

बाबूलालजींनी मला नंतर विचारलं, "क्यों रे, तेरी तबीयत ठीक है?" मी ठीकच होतो. दुकान बंद करून खोलीवर आलो आणि भाऊजींचं पत्र दारात पडलेलं होतं.

बाई, मला हलकं वाटेल म्हणून मी हे लिहीत नाही. चिमी देताना जे वाटायला पाहिजे ते मला वाटत नाही, आणि ठेवून घ्यायचं म्हटलं तरी वाटत नाही. अंजना गेली तेव्हापासून हे असंच आहे. वर्षभर मी ते सुटायची वाट बघत होतो, म्हणजे मग नीट विचार करून उत्तर देईन. पण तोवर पोरगी हाक मारायच्या आधी थांबायला शिकली. म्हणून जसा आहे तसाच उत्तर देतो.

तिला आजच आई म्हणू दे. हे पत्र मिळेल त्याच दिवशी. आणि भाऊजी, तुम्ही ओ देता ते देत राहा. मोठी झाली की मी कोण ते तिला सांगा, लपवू नका. पण वडील कोण म्हणून कोणी विचारलं तर तिने तुमचं नाव सांगावं आणि तेच खरं असावं.

पेटीतले कपडे बाहेर काढ. बंद पेटीत पावसाळ्याची बुरशी धरते.

दसऱ्याला यायचं म्हणतो. बाबूलालजींनी सुट्टी दिली आहे. येऊ का, ते कळव.

तुझा,
तेजराम


मूर्तिजापूर,
ता. १४ सप्टेंबर

चि. तेजराम,

पत्र भेटलं. तुह्या भाऊजींनी दोन डाव वाचलं अन् डबा घरीच ठेवून जिनात गेले. मी डबा घेऊन मागं गेली त मले म्हणतात, "तू काहून आली?" म्हटलं, जेवाले विसरलात. म्हणतात, "हौ का?" असे आहेत.

मी घरी येऊन चिमीले मांडीवर घेतलं. म्हटलं, म्हण, आई. माह्या तोंडाकडं पाह्यलं अन् म्हणते, "आत्या." म्हटलं, नाही वं, आई. "आत्या." लबाड. मीच शिकवलं ते पक्कं धरून बसली. दिवसभर तसंच. मी पदराआड जाऊन रडली, तुले काहून खोटं सांगू. येईल ताळ्यावर. रात्री गोधडी एकच टाकली, माही.

कपडे बाहेर काढले. बुरशी धरलीच होती, उन्हात टाकले.

येऊ का काहून इचारतं? ये. नाव तू घेऊन ये, ते तुया हातचं राहू दे. आमाले काही सुचत नाही, तुह्या भाऊजींनी सांगतलेली सारी नावं म्हाताऱ्या बायांची आहेत.

दोन गोष्टी ध्यानात ठेव. ती दाढीवाल्या माणसाले भेते, त दाढी करून ये. तरीबी ती रडलच, कारण तुले वळखत नाही. रडली म्हणून लगेच माह्या हाती देऊ नको. थोडा वेळ धरून ठेव.

तुही,
बाई